पपनसाचं सरबत, सोमल आणि ३-३ चा निकाल: सोलापुरातल्या एका संध्याकाळचं प्रकरण

डिसेंबरातल्या एका शनिवारी सोलापुरात होटगी रोडला एका परमिट रूमच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही काही जणांनी एक कार्यक्रम केला. जुना, खरा घडलेला गुन्हा तीन भागांत गोष्टीसारखा सांगायचा आणि सोबत त्या गोष्टीतूनच सुचलेली कॉकटेल द्यायची. पुण्या-मुंबईत असलं होत असतं, आपल्याकडे लोक येतील का, आणि आले तरी ऐकतील का नुसतं पितील, ही शंका सगळ्यांनाच होती. लोक आले, पस्तीसेक, आणि ऐकलं पण. तो कसा झाला ते सविस्तर लिहितोय, कारण दोन-तीन जण आपापल्या गावात असं करायचं म्हणून विचारतायत आणि त्यातले सगळे पहिल्यांदा कॉकटेलचंच विचारतात. माझं म्हणणं असं की कॉकटेल नंतर. आधी ठरतं ते कुठला गुन्हा ग्लास हातात घेऊन सांगता येतो आणि कुठला येत नाही.

पहिली बैठक झाली तेव्हा प्रत्येकाकडे एकेक प्रकरण तयार होतं. सगळ्यात आधी आलं जोशी-अभ्यंकर, पुणे, १९७६-७७. ते तिथेच बाजूला ठेवलं, त्या कुटुंबांतली माणसं आज आहेत, त्यांच्या घरातल्या मृत्यूवर आपण इथे बर्फ हलवत बसायचं हे मला सहनच होत नाही. मग कोणीतरी मानवतचं खूनसत्र म्हणालं, १९७२ ते ७४, परभणी जिल्हा. त्यात लहान मुली आहेत. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

मग आलं बावला प्रकरण, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना तेच हवं होतं. १२ जानेवारी १९२५ ची रात्र, मुंबईत मलबार हिल, गाडीत अब्दुल कादर बावला हा तरुण श्रीमंत व्यापारी आणि सोबत इंदूर दरबारातून निसटलेली मुमताज बेगम. दुसऱ्या गाडीतून माणसं येतात, गोळ्या घालतात, मुमताजच्या चेहऱ्यावर वार करतात, तिला ओढून न्यायचा प्रयत्न करतात, आणि नेमके त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचतात आणि गोल्फची स्टिक घेऊनच भिडतात. बावला मेला, ती वाचली. पुढे खटला, एका आरोपीच्या बाजूने जीना उभे, आणि १९२६ ला इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांना गादी सोडावी लागली. आता हे ऐकून कोणाला नको वाटेल? आमच्यातला एक जण तर म्हणाला, तारीखच मिळालीय, १२ जानेवारीलाच करू, नेमकी त्याच रात्री, हॉल पण मोकळा आहे.

यावर हॉलवाले अण्णा म्हणाले, "का बे, सोलापुरात राहून बारा जानेवारीला दारू पाजवणार का?"

सोलापूरच्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी लिहितो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिली ती १२ जानेवारी १९३१ ला. चार हुतात्मा चौक त्यांचाच. शिवाय त्याच आठवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, गड्ड्याची जत्रा, सगळं गाव रस्त्यावर. त्या दिवशी कार्यक्रम ठेवणं म्हणजे आपण कुठे राहतो याचाच पत्ता नसणं. तारीख तिथेच रद्द झाली.

पण त्यातूनच दुसरी सूचना आली आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न तोच होता. एका पोराने, चांगल्या मनानेच, विचारलं की मग आपलं १९३० चंच, या चौघांच्या फाशीमागचं प्रकरण, का नको? लोकल आहे, खटला आहे, दोन पोलिसांचा मृत्यू आहे, मार्शल लॉ आहे, पुरावा कच्चा होता का पक्का हा वाद आहे, म्हणजे ट्रू क्राइममध्ये जे जे लागतं ते सगळं आहे. आणि कागदावर बघितलं तर आहेच की. ८ मे १९३० ला जमावावर गोळीबार, त्यात शंकर शिवदारे गेले, मंगळवार पेठेतल्या पोलिस चौकीजवळचा प्रकार, १२ मेपासून मार्शल लॉ, मग खटला आणि फाशी. सरकारच्या फाइलमध्ये ती खुनाचीच केस आहे. पण आपण जेव्हा त्याला ‘क्राइम’ म्हणून तिकीट लावतो तेव्हा आपण नकळत तेव्हाच्या इंग्रज कलेक्टर नाइटच्या खुर्चीत जाऊन बसतो, त्याने दिलेलं नाव आपण लावतो, हे त्या पोराला आमच्या वकीलकाकांनी फार शांतपणे समजावलं. आणि दुसरी गोष्ट, त्या ८ मेला लोक बाहेर पडले होते ते रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडायला. ताडी-शिंदीच्या विरोधातलं आंदोलन होतं ते. त्या दिवसाची गोष्ट सांगताना शेजारी जिन ठेवायची? ती गोष्ट सांगायचीच, शाळेत सांगायची, चौकात सांगायची, तासन्‌तास सांगायची, पण या टेबलावर नाही. पोराला पटलं. नंतर तोच दारावर लोकांना सांगत होता की पुढच्या वेळी ‘आपलं लोकल’ का नाही घेणार.

तर उरलं काय? वकीलकाकांनीच सुचवलं, बडोदा. १८७४-७५. मल्हारराव गायकवाडांवरचा विषप्रयोगाचा खटला. माझ्या मते अशा संध्याकाळसाठी याच्याइतकं नेमकं प्रकरण मराठी मुलखाच्या इतिहासात शोधून सापडणार नाही. एक तर गुन्हा ग्लासातच घडलाय. दुसरं, कोणी मेलं नाही. तिसरं, निकाल आजही वादाचा आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला काम मिळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. बडोद्याला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला सरकारी प्रतिनिधी, कर्नल फेर. त्याचं आणि महाराजांचं अजिबात पटत नव्हतं, तो सरकारकडे राज्यकारभाराच्या तक्रारींवर तक्रारी पाठवतोय, इकडे महाराजांनी दादाभाई नौरोजींना दिवाण म्हणून आणलेलं, त्यांच्याशीही फेरचं जमेना, शेवटी नोव्हेंबरच्या सुरुवातीला महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता, म्हणजे रीतसर दरबारी पत्र, पाठवून फेरला इथून काढा अशी मागणी केली. आणि ९ नोव्हेंबर १८७४ ला सकाळी फेर फिरून आला, टेबलावर नेहमीप्रमाणे त्याच्यासाठी पपनसाचं सरबत ठेवलेलं, दोन-तीन घोट घेतले, मळमळल्यासारखं झालं, उरलेलं त्याने बाहेर ओतून दिलं आणि ग्लास परत ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांना बोलावलं. गाळात सोमल, म्हणजे आर्सेनिक, निघाला, मुंबईच्या रासायनिक तपासणीत सोमलासोबत हिऱ्याची पूडसुद्धा निघाली.

मुंबईचे पोलिस कमिशनर साउटर तपासाला आले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी म्हणाला की पूड मी टाकली. जमादार नरसूनेही कबुली दिली. आया अमिना राजवाड्यात जायची-यायची हे निघालं. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले आणि म्हणाले सोमल आणि हिरे मी महाराजांच्या हुकमावरून मिळवले. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक. २३ फेब्रुवारीला सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी सुरू, त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी, म्हणजे ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा मोठा बॅरिस्टर आला आणि त्याने पोलिसांनी जमवलेल्या कबुल्यांवरच हल्ला चढवला. निकाल ३-३. इंग्रज तिघांचं म्हणणं दोषी, हिंदी तिघांचं म्हणणं आरोप सिद्ध झाला नाही.

आणि मग सरकारने एप्रिलमध्ये महाराजांना गादीवरून काढलंच, फक्त कारण बदललं, विष नाही तर गैरकारभार. मद्रासला नेलं, १८८२ ला ते तिथेच गेले. गादीवर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक म्हणून आला आणि तो पुढे सयाजीराव झाला. हॉलमध्ये या वाक्याला जो आवाज आला ना, की अरे म्हणजे ते हेच, तो ऐकण्यासारखा होता, कारण सयाजीराव सगळ्यांना माहीत, ते गादीवर कसे आले हे कोणालाच माहीत नसतं.

आता पेयांचं. पहिलं अर्थातच पपनस. मंडईत चांगली मिळाली, पण पपनस निवडताना वजन बघावं लागतं, हलकं लागलं की आत कोरडं. सोलायला प्रचंड वेळ जातो, पांढरी साल जरा जरी रसात गेली तरी कडू होतं. बार सांभाळणाऱ्या पोराने शेवटी धरलेलं प्रमाण असं: ४५ मिली जिन, ६० मिली पपनसाचा रस, १० मिली लिंबू, १५ मिली साखरेचा पाक, चिमूटभर मीठ. जिन इथे चालते कारण तिचा तो जुनिपरचा वास पपनसाच्या सालीच्या वासाशी जुळतो. व्होडका घातली असती तर नुसतं सरबतच लागलं असतं.

गाळाचा प्रश्न मात्र बरेच दिवस चालला. पोराला ग्लासच्या तळाशी ‘सोमल’ दिसायला हवा होता आणि मलाही हवा होता, कारण इथे गाळ म्हणजे सजावट नाही, पुरावाच आहे, फेरने जे बघितलं ते ऐकणाऱ्याने बघितलं पाहिजे. त्याने आधी ॲक्टिव्हेटेड चारकोल आणला, दिसतो झकास. पण तो पोटात गेल्यावर बऱ्याच औषधांना धरून ठेवतो, म्हणून तर काही विषबाधांमध्ये दवाखान्यात देतात, आणि आपल्याकडे येणाऱ्यांत बीपी-शुगरच्या गोळ्या घेणारे निम्मे. नको म्हटलं. मग हिऱ्याच्या पुडीसाठी चमकी. ती क्राफ्टच्या दुकानातली, पाकिटावर खाण्यायोग्य असं कुठेही लिहिलेलं नाही, तीही परत. शेवटी भाजलेल्या जिऱ्याची भरड पूड घेतली. अर्धा मिनिट थांबलं की हळूहळू तळाशी बसते, रंग काळपट-तपकिरी, आणि पपनस-मीठ-जिरं ही चव आपल्या जिभेला ओळखीची. जिथे माणूस मेलाय अशा प्रकरणात मी हा गाळ कधीच घालू देणार नाही. इथे चाललं.

दुसरं पेय खटल्याच्या भागासाठी, सांगोल्याकडच्या भगव्या डाळिंबाचा रस, ओल्ड मंक, लिंबू, गुळाचा पाक आणि दोन थेंब बिटर्स. बडोद्याशी याचा काही संबंध नाही, ते सोलापूरचं म्हणून ठेवलं आणि लोकांना हेच जास्त आवडलं. तिसऱ्या भागाला, म्हणजे निकालाला, काहीच नाही. साधी कॉफी. यावर बैठकीत बरंच भांडण झालं, अण्णांचं म्हणणं बिल तिसऱ्या ग्लासाला वाढतं, जे खरंच आहे. पण शेवटी लोकांना मत द्यायचं होतं आणि मी त्यावर हटलो नाही. दुसऱ्याला दोषी ठरवायला बसलेला माणूस शुद्धीत हवा, मग तो खेळ का असेना.

आणि एक गोष्ट जी मला कॉकटेलपेक्षा महत्त्वाची वाटते. दोन्ही पेयं दारूशिवाय पण केली, अगदी त्याच ग्लासात, तसाच गाळ, तसाच रंग, तिकीट कमी. ऑर्डर आधीच चिठ्ठीवर घेतली, त्यामुळे टेबलावर कोणाच्या ग्लासात काय आहे हे शेजारच्याला कळत नव्हतं. सोलापूरसारख्या गावात, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या मामाला ओळखतो, तिथे हे केलं नसतं तर बायका आल्याच नसत्या, आणि न पिणारे पुरुष कोपऱ्यात थम्सअप घेऊन पाहुण्यासारखे बसले असते. पंचविशीच्या आतल्यांना तसंही हार्ड लिकर देता येत नाही, त्यांचा प्रश्नही यातच मिटला. परमिट रूमचाच हॉल घेतल्यामुळे परवान्याचं वेगळं काही करावं लागलं नाही, बाहेर कुठे केलं असतं तर उत्पादन शुल्ककडून एक दिवसाचा परवाना काढावा लागला असता. जे करायचं म्हणतायत त्यांनी हे आधी बघा, ग्लास नंतर.

प्रत्यक्ष संध्याकाळ. वकीलकाकांनी उभं राहून सांगितलं, माइक साधा, नाटकी आवाज नाही, दिवे मंद नाहीत. पहिल्या भागात पपनस वाटलं ते फेरच्या टेबलावर सरबत ठेवलं जातं त्याच्या बरंच आधी, बडोद्याचा दरबार, आधीचे महाराज म्हणजे मल्हाररावांचे भाऊ खंडेराव, मल्हाररावांना गादीच्या आधी पाद्र्याला कैदेत ठेवलेलं, हे सगळं चालू असताना. ग्लास अर्धा झाला असताना काकांनी सांगितलं की कर्नलने ग्लास खाली ठेवताना तळाशी बघितलं. मग थांबले. पस्तीस माणसांनी एकदम ग्लास उचलून तळ बघितला. एक वहिनी मोठ्याने "आई गं" म्हणाल्या. यासाठी वेगळी काही युक्ती केली नव्हती, फक्त पेय पुढे आणि वाक्य मागे ठेवलं होतं. उलटं केलं असतं, म्हणजे विषाची गोष्ट सांगून मग ट्रे आणला असता, तर हशा झाला असता आणि पुढचा खटला कोणी गंभीरपणे ऐकला नसता.

आवाजाचं गणित मात्र आधीच करावं लागतं. शेकर हलवला की त्या आवाजात साक्ष बुडते, म्हणून दोन्ही पेयं दुपारीच बाटल्यांत भरून थंड करून ठेवली, बर्फाने जेवढं पातळ झालं असतं तेवढं पाणी, साधारण चौथा हिस्सा, आधीच मिसळून. वाढताना नुसतं ओतायचं. आणि खायला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. चव एक नंबर, शेंगाचटणीचा तिखट तेलकटपणा आणि पपनस यांची जोडी तर मी घरीही लावणार आहे, पण कडक भाकरीचा तुकडा मोडला की कडाड, आणि रावजी हवालदाराची साक्ष चालू असताना पाच टेबलांवर कडाड कडाड. ती मध्यंतरातच द्यायची चीज आहे.

दुसऱ्या भागात आया अमिनाचं बोलणं आलं तेव्हा मागच्या टेबलावरून एकाने बायकी आवाज काढला, दोघं-तिघं हसले. काका थांबले, आणि काय छान सांभाळलं बघा. त्यांनी विचारलं, या खटल्यात कोणाला वकील मिळाला? महाराजांना लंडनचा बॅरिस्टर. कर्नलच्या मागे सरकार. आयाला, हवालदाराला, जमादाराला कोण होतं? मुंबईहून आलेले पोलिस समोर बसलेत, पोटावर पाय येणार का गळ्याला फास लागणार हे माहीत नाही, अशा माणसाने कबूल केलं याचा अर्थ काय लावायचा, हाच तर बॅलंटाइनचा मुद्दा होता. हॉल एकदम गप्प झाला. नरसू जमादाराने कबुलीनंतर विहिरीत उडी घेतली होती हे काकांनी त्याच्यानंतर सांगितलं. मला विचाराल तर संध्याकाळची सगळी किंमत त्या पाच मिनिटांत वसूल झाली, कारण खऱ्या गुन्ह्याच्या गोष्टीत मोठी माणसं लक्षात राहतात आणि नोकरचाकर विनोदाला उरतात, ते इथे झालं नाही.

मत घेताना दोन प्रश्न वेगळे ठेवले होते: सरबतात विष टाकलं गेलं का, आणि ते महाराजांनी टाकायला लावलं का. पहिल्याला जवळजवळ सगळे हो. दुसऱ्यावर जी जुंपली! एक निवृत्त मास्तर म्हणाले, ज्याने आठवड्यापूर्वीच रीतसर खलिता पाठवून कर्नलला काढा म्हटलंय, आणि सोबत दादाभाईंसारखा माणूस दिवाण आहे, तो विष कशाला घालेल, गप बसला तरी काम होतंय. त्यावर त्यांच्याच मिसेस म्हणाल्या, अहो, राजे लोक चिडले की हिशोब करतात का, आणि भावावर विषप्रयोगाच्या संशयावरून कैद झालेला माणूस आहे हा. मागून तेलुगूत वाद सुरू झाला, तो कोणीतरी मराठीत करून सांगितला: हिऱ्याची पूड कशाला? सोमलाला चव नाही, वास नाही, तो एकटा पुरेसा, मग इतका महाग पुरावा मागे कोण सोडेल, मूर्ख राजा का राजाला अडकवणारा हुशार माणूस? हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. हिऱ्याच्या पुडीने माणूस मरतो ही जुनी समजूत, ती खरी नाही, पण समजूत होती हे खरं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येतं. शेवटी हात वर केले तेव्हा ‘सिद्ध झालं नाही’ची बाजू जड निघाली, पण दोषी म्हणणारेही कमी नव्हते आणि ते खाली पार्किंगमध्येसुद्धा भांडत होते. दहाच्या आत माइक बंद. टू-व्हीलरवाल्यांपैकी ज्यांनी दोन्ही ग्लास घेतले त्यांच्या चाव्या अण्णांनी काउंटरला ठेवून घेतल्या आणि रिक्षा बोलावल्या, दोघं रागावले, सकाळी येऊन गाड्या घेऊन गेले.

पैशाचं म्हणाल तर तिसरा ग्लास नसल्यामुळे अण्णांना फार सुटलं नाही, आम्हाला काहीच नाही, आणि पपनस सोलायला जी दुपार गेली तिची मजुरी कोणी धरलेली नाही. तिकीट थोडं वाढवावं लागेल. काकांच्या मते भाग तीनऐवजी दोनच ठेवावेत, माझ्या मते तीनच हवेत, कारण आयोगाच्या निकालाला स्वतःची जागा लागते.

बावला प्रकरण फेब्रुवारीच्या शेवटी घ्यायचं चाललंय. त्यात माणूस मेलाय, त्यामुळे एकच पेय, आणि ते मलबार हिलला गाडी वळायच्या आधी संपलेलं असेल. पुढचं सगळं मुमताज बेगमच्या बाजूने सांगायचं, ती इंदूरहून का निसटली इथपासून. सांगायला या वेळी बाईच हवी यावर आमचं सगळ्यांचं एकमत आहे आणि त्या वहिनींना, ज्या "आई गं" म्हणाल्या, विचारलंय. त्या वाचायला कागद मागून घेऊन गेल्यात.